शहाणं बसलेलं मूल कोणाला हवंय?

मुंबईत ऑटिस्टिक मुलाला थेरपी लावलेल्या कुठल्याही आईकडे एक फाइल असते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, कारण भर पावसातही ती लोकलने सेंटरला जाते. आत निदानाचा कागद, फीच्या पावत्या आणि त्या तिमाहीचे ‘गोल’, म्हणजे गाठायची ध्येयं. सिटिंग टॉलरन्स (एका जागी बसून राहणं) वीस मिनिटांपर्यंत वाढवणे. आय कॉन्टॅक्ट सुधारणे. हात फडफडवणे कमी करणे. सूचना दिल्याबरोबर पाळणे. अंधेरी असो, मुलुंड असो की डोंबिवली, यादी फारशी बदलत नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, सेंटर बदलून आलेल्या अशा फाइली नेहमी हातात येतात, आणि त्या वाचून मूल कसं आहे याचा मला काडीचाही पत्ता लागत नाही. त्याला कशात गोडी आहे, काय सोसवत नाही, दिवसातली कोणती वेळ सगळ्यांत जड जाते, यातलं तिथे काही नसतं.

हे गोल मुलाच्या आजूबाजूच्या माणसांच्या सोयीचे आहेत. मूल गप्प बसलं की वर्ग शांत. डोळ्यांत बघून हसलं की पाहुण्यांना बरं वाटतं. हात हलले नाहीत की गाडीत कोणी वळून बघत नाही. यात मुलाच्या पदरात काय पडलं? ऑटिस्टिक आणि इतर न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असलेल्या माणसांची थेरपी या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी असं माझं म्हणणं आहे. आणि ते फक्त थेरपिस्टांपुरतं नाही. प्रमाणपत्र देणारं सरकार, प्रवेश देणारी शाळा, पैसे देणारी विमा योजना, सगळ्यांनीच यशाचं माप बदलायला हवं. मूल किती कमी ऑटिस्टिक दिसतं हे मोजण्यापेक्षा त्याचा दिवस किती सोपा झाला हे मोजा.

खरं तर आमच्या व्यवसायाला यात नवल वाटायचं कारणच नाही. भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० साली इथेच, परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्मानं अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’मुळे त्यांचं नाव मराठी माणसाच्या कानावर असतं, पण या विद्येचं रोप इथे त्यांनी लावलं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ही विद्या मुळात एवढंच विचारते की माणसाला जे करायचंय ते त्याला कसं करता येईल. बोटं गेलेल्या कामगाराला आम्ही चमच्याची मूठ जाड करून देतो. अर्धांगवायू झालेल्या आजींना एका हातानं भाजी चिरता यावी म्हणून पाटाला दोन खिळे ठोकून देतो, बटाटा त्यात अडकतो आणि आजी कामाला लागतात. ‘आधी दोन्ही हात सारखे हलवून दाखवा, मग भाजीचं बघू’ असं त्यांना कोणी सांगत नाही. ऑटिस्टिक मुलाला मात्र आपण वर्षानुवर्षं नेमकं हेच सांगत आलो आहोत.

याला कारण आहे. १९८७ साली कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकोणीस लहान मुलांना आठवड्याला चाळीस तास वर्तनाचं प्रशिक्षण दिलं आणि त्यातली नऊ मुलं बुद्ध्यंकात आणि शाळेत ‘नॉर्मल’ झाली, असा त्यांचा दावा होता. मुलं गटांत चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. चुकलं की मोठ्यानं ‘नो’ म्हणणं, प्रसंगी मांडीवर चापट मारणं हाही त्या पद्धतीचा भाग होता. चापट आज कोणी उघडपणे मान्य करणार नाही. पण ध्येय टिकलं. मूल इतर मुलांत मिसळलं की वेगळं ओळखू येता कामा नये, हे ध्येय. पुढे ते ज्या ज्या थेरपीत शिरलं त्यात आमचीही होती. पहिलीच्या प्रवेशाच्या धास्तीनं आधीच अर्धमेले झालेले मुंबईचे आईबाप त्या ‘नॉर्मल’वर जीव टाकणार नाहीत तर काय करतील?

याच काळात दुसरीकडे ऑटिस्टिक माणसं स्वतः बोलू लागली होती. १९९० च्या दशकात इंटरनेटवर ती एकमेकांना भेटली आणि आपल्या मेंदूची घडण वेगळी आहे, ती बिघडलेली नाही, हा विचार त्यांच्यात रुजला. ऑस्ट्रेलियातल्या ज्युडी सिंगर यांच्या १९९८ च्या प्रबंधाशी ‘न्यूरोडायव्हर्सिटी’चं नाव जोडलं जातं, पण तो विचार कोणा एकीचा नव्हता. २०१२ मध्ये स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी एक साधी गोष्ट ठणकावून मांडली: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही हे जितकं खरं, तितकंच इतरांना त्याचं मन कळत नाही हेही खरं. मग एकट्यालाच दोषी का धरायचं? एडिंबरा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये याची परीक्षाच घेतली. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला अशी आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे पाठवली. सगळेच ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोहोचली. गळती झाली ती मिश्र साखळीत. म्हणजे बिघाड संवादाच्या सांध्यात आहे, आणि आपण दुरुस्तीला एकाच बाजूला पाठवतो.

आणखी एक तारीख सांगण्यासारखी आहे. प्रकाश, आवाज, स्पर्श, वास यांचा त्रास नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी जाणवणं हा ऑटिझमच्या निदानाचा अधिकृत निकष झाला तो २०१३ मध्ये, डीएसएम-५ या अमेरिकी निदानग्रंथात. त्याआधी कानावर हात ठेवणारं मूल आमच्या फाइलीत बहुतेकदा ‘बिहेवियर इश्यू’ म्हणूनच नोंदलं जायचं.

मुलाच्या बाजूनं चालणारी थेरपी म्हणजे नेमकं काय, हे तात्त्विक बोलून कळत नाही. घाटकोपरच्या एका खोलीच्या घरातला सात वर्षांचा मुलगा घ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार होती ती रोज संध्याकाळच्या आकांडतांडवाची: किंचाळणं, दारावर डोकं आपटणं, धाकट्या बहिणीला ढकलणं. आधीच्या सेंटरनं भिंतीवर स्टारचा तक्ता लावला होता. शांत राहिला तर स्टार, पाच स्टारला चॉकलेट. तक्ता अजून तिथेच होता, स्टार दोनच. आम्ही आईबरोबर बसून त्याचा दिवस तासागणिक लिहून काढला. सातला कुकर लागतो. त्या खोलीत कुकरची शिट्टी होते ती जवळपास त्याच्या कानाशीच. त्याच वेळी शेजारी मालिका, समोरच्या दारात मोठ्यानं पाढे, आणि शाळेतून आल्यापासून त्यानं दात-ओठ खाऊन धरून ठेवलेला दिवस. मी त्याच्या जागी असते तर मीही दारावर डोकं आपटलं असतं.

भात-वरण दुपारीच लावून ठेवायचं, संध्याकाळी नुसतं गरम करायचं, हे आजीनं सुचवलं, मी नाही. कान झाकायचे मफ दाराजवळ त्याचा हात पोहोचेल अशा खिळ्यावर अडकवले, म्हणजे मागावे लागू नयेत. आमच्या पुस्तकातला झोपाळा त्या घरात बसवणं शक्य नव्हतं. छताला हुक लावू द्यायला घरमालक तयार नाही. पण सांध्यांना आणि स्नायूंना जोर लावणारं काम त्याला निवांत करतं हे कळलं होतं, आणि चाळीत पाणी ठरावीक वेळेला येतं. छोटी कळशी भरून आत आणायचं काम त्याचं झालं. चार खेपा. आता नळ यायच्या आधीच तो कळशी घेऊन उभा असतो आणि दुसऱ्या कोणी हात लावला तर खपवून घेत नाही. हात तो आजही फडफडवतो, पाणी आलं की जरा जास्तच. त्याला आम्ही हातही लावलेला नाही. तो त्याचा आनंद आहे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. केस कापणं अजून जमत नाही. ट्रिमरची घरघर त्याला सोसत नाही, म्हणून कात्रीनं, एका वेळी पाच कापे, पाचवा तो स्वतः मोजतो, आणि ‘थांब’ची खूण केली की थांबायचं. त्यामुळे एक संपूर्ण आठवडा तो अर्ध्या कापलेल्या केसांनी शाळेत गेला आणि बाईंनी वहीत शेरा पाठवला. शेऱ्याला उत्तर लिहिणं हाही थेरपीचाच भाग, असं मी मानते.

यावर पालक जो आक्षेप घेतात तो हलका नाही, आणि तो टाळून पुढे जाणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. ते म्हणतात, मॅडम, हे सगळं इंग्रजी बोलणाऱ्या, नोकरी करणाऱ्या ऑटिस्टिक लोकांचं तत्त्वज्ञान झालं. माझा मुलगा बोलत नाही. स्वतःच्या मनगटाला चावून रक्त काढतो. दादरच्या ब्रिजवर हात सोडून पळतो. याला काय ‘वेगळेपण’ म्हणून कवटाळू?

नाही. पळणं थांबायलाच हवं, चावणंही. मुलाच्या बाजूनं उभं राहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असा समज काही उत्साही मंडळींनीच पसरवला आहे आणि त्यानं नुकसान झालंय. आम्ही दात घासणं शिकवतो, संडासला जाणं शिकवतो, रस्ता ओलांडणं शिकवतो, आणि त्यासाठी घाम गाळतो. फरक पडतो तो तिथवर पोहोचायच्या वाटेत. मनगट चावणाऱ्या मुलाचा आधी दात तपासा, कान तपासा, पोट साफ होतंय का विचारा. बोलता न येणाऱ्या मुलाचं दुखणं पुष्कळदा अशाच वाटेनं बाहेर पडतं. दात घासताना ओरडणाऱ्या मुलाला पेस्टमधला पुदिना झोंबत असेल, तर पेस्ट बदलणं हे हात धरून जबरदस्तीनं घासण्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ आहे.

न बोलणाऱ्या मुलाला तर हा विचार सगळ्यांत जास्त लागतो. त्याच्याकडे ‘नको’ म्हणायचं दुसरं साधनच नसतं. आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या जेलो या चित्रांच्या ॲपमध्ये मराठी आहे, आणि त्यात ‘हवं’च्या बरोबरीनं ‘नको’चीही बटणं आहेत. हे मला त्यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. अनेक सेंटरांत मुलाला चित्र दाखवून खाऊ मागायला शिकवतात, नकार द्यायला कोणी शिकवत नाही; कारण नकार आला तर सेशन पुढे कसं न्यायचं? पण मोठी माणसं सांगतील ते निमूट करायचं, हे वर्षानुवर्षं अंगात मुरवलेलं मूल उद्या कोणी गैरहेतूनं अंगाला हात लावला तर काय करेल? आईबापांच्या मनात ही भीती खोल दडलेली असते. आज्ञाधारकपणाचा गोल लिहिताना ती कोणाला आठवत नाही.

आपल्या घरांत डावखुऱ्या मुलांचं काय व्हायचं ते आठवा. डाव्या हातानं घास घेतला की फटका, पाटीवर डाव्या हातानं अक्षर गिरवलं की फटका. बरीच मुलं उजव्या हातानं लिहायला शिकली, म्हणजे उपचार ‘यशस्वी’ झाला. किती जणांचं अक्षर आणि किती जणांचा आत्मविश्वास त्यात गेला, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ऑटिस्टिक प्रौढांच्या बाबतीत तो हिशेब आता मांडला जातोय. आपलं ऑटिस्टिक असणं सतत लपवत जगावं लागणं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध असल्याचं ब्रिटनमधल्या अभ्यासांत दिसलं आहे. वीस मिनिटं मान खाली घालून बसणारं मूल बघून टाळ्या वाजवताना हे लक्षात असलेलं बरं.

आता आमच्याच घरातलं थोडं. ‘न्यूरो-अफर्मिंग’ (मुलाचं वेगळेपण मान्य करणारी थेरपी) ही पाटी गेल्या काही वर्षांत उपनगरांतल्या बऱ्याच सेंटरांच्या काचेवर झळकू लागली आहे. आत रंगीत दिव्यांची सेन्सरी रूम, मऊ गालिचा, वजनदार जॅकिटं, आणि सेशनचा दर वाढलेला. गोल मात्र तेच, फक्त ‘बिहेवियर’च्या जागी ‘रेग्युलेशन’, म्हणजे स्वतःला सावरणं, हा शब्द. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी मांडलेली सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे झोपाळा, स्पर्श, हालचाल यांतून संवेदनांची घडी बसवण्याची पद्धत आम्ही सगळेच वापरतो, मीही वापरते. पण २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये १३८ मुलांवर झालेल्या चाचणीत, नेहमीच्या सेवेपेक्षा या थेरपीनं मुलांच्या वागण्यात किंवा रोजच्या व्यवहारात ठळक फरक पडल्याचं आढळलं नाही. हे पालकांना सांगायला हवं. मुलाला झोपाळा आवडतो म्हणून झोपाळा द्या, त्यानं त्याची संध्याकाळ सुसह्य होते म्हणून द्या. पण मेंदूची जोडणी बदलते असं सांगून वर्षाचं पॅकेज विकू नका. मुलाच्या बाजूचे म्हणवायचं आणि पालकांपासून पुरावा दडवायचा, हे जमणार नाही.

सरकारी कागद या सगळ्याला कसा आडवा येतो, ते पाहण्यासारखं आहे. ऑटिझमचं प्रमाणपत्र देताना आपल्याकडे ‘इसा’ ही मोजपट्टी वापरली जाते. चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, सत्तर किंवा त्याहून जास्त गुण पडले तर ऑटिझम. त्यातली पहिलीच बाब आहे नजरेला नजर न देणं. आता गंमत बघा. थेरपिस्टनं घोकून घोकून आय कॉन्टॅक्ट शिकवला की मुलाचे गुण घटतात, गुण घटले की टक्केवारी घटते, आणि चाळीस टक्क्यांच्या खाली गेलं की सवलती हातातून जातात. ज्या मुलीनं लहानपणीच सगळं लपवायला शिकून घेतलं, तिला मोठेपणी हा कागद मिळणं आणखीच मुश्कील. मूल किती विचित्र दिसतं यावर मदत ठरते. दिवसाला किती आधार लागतो यावर नाही. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चाचं विमाकवच देते आणि त्यात थेरपीही बसते. तिथे पोहोचायचा रस्ता याच मोजपट्टीवरून जातो.

आणि हा मूठभरांचा प्रश्न नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, देशात पाच ठिकाणी केलेल्या पाहणीत दोन ते नऊ वर्षांच्या साधारण आठांतल्या एका मुलात मेंदूच्या वाढीशी संबंधित निदान एक तरी अडचण आढळली. त्यात ऐकू कमी येण्यापासून ऑटिझमपर्यंत नऊ प्रकार होते. मुलं शोधून काढण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. पण शोधल्यानंतर पुढे काय? सार्वजनिक रुग्णालयाच्या ओपीडीत थेरपिस्टसमोर रांग असते आणि तासागणिक दिवस लिहून काढायला तिच्याकडे वेळ नसतो. म्हणून ती छापील गोल लिहून देते. तिला दोष देऊन काय होणार? पदं भरा, आणि एका मुलामागे किती मिनिटं हे ठरवून द्या.

‘जग थोडंच बदलणार आहे?’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. याच महाराष्ट्रात ते बदललेलं आहे. लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना दहावी-बारावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, आणि त्यासाठी पालिकेच्या रुग्णालयांतून प्रमाणपत्रंही मिळतात. या मुलांना आधी ‘शुद्धलेखन सुधारून या’ असं आपण सांगितलं नाही. परीक्षेची रीत बदलली. आकाश कोसळलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ऑटिझमचा एकवीस प्रकारांत समावेश केला आणि सोयी करून देणं हे बंधन ठरवलं. २०२१ मध्ये लेखनिकाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं: अशी सोय ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. मग वर्गाच्या दाराशी लावलेली विजेची कर्कश घंटा बदलणं, प्रार्थनेच्या वेळी एका मुलाला ग्रंथालयात बसू देणं, डब्यात रोज दहीभातच आणला म्हणून न टोकणं, याला कोणता निधी लागतो? निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. ती पाळली तर गणपतीचे दहा दिवस घरात कोंडून घेणाऱ्या कुटुंबांना किमान खिडकी उघडता येईल. लोकलच्या दिव्यांग डब्यात ‘हा तर धडधाकट दिसतो’ म्हणून आईला कार्ड काढायला लावणाऱ्या प्रवाशांबद्दल मी वेगळं लिहीन. तो विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

राहिला ‘आमच्यानंतर काय?’ हा प्रश्न. त्यावर माझ्याकडे गोळी नाही. पण स्वतःला काय लागतं हे ज्याला कळतं, जो ते मागू शकतो, बोलून, चित्रानं, खुणेनं, कसंही, आणि ज्याला नको म्हणता येतं, तो माणूस परक्या हातांत जास्त सुरक्षित असतो, एवढं मी इतक्या वर्षांच्या कामावरून सांगू शकते.

२०२१ च्या कायद्यानं फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट वगैरेंसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याची तरतूद केली आहे. शिक्षणाचे किमान दर्जे ठरवणं हे त्याचं काम. तिथे ऑटिस्टिक प्रौढांना बसवा. निमंत्रित पाहुणे म्हणून नको, मत देणारे सदस्य म्हणून. गोल लिहिताना मुलाचं म्हणणं कसं नोंदवायचं, हे परीक्षेत विचारा. आणि पालकांनो, पुढच्या वेळी सेंटरमध्ये फी भरायच्या आधी एवढंच विचारा: माझं मूल सेशनमध्ये नको म्हणालं, तर तुम्ही काय करता? उत्तर ‘हळूहळू सवय होते’ असं आलं, तर पावती फाडू नका.